बांधातला माणूस

खाडीकाठच्या त्या बांधावरून जाण्याचा प्रसंग आजही आला, तर माझी पावले आपोआप हलकी पडतात. या बांधाच्या पोटात माणूस पुरला आहे, असे एके काळी एका अख्ख्या गावाने मला देवाची शपथ घेऊन सांगितले होते. गावातली माणसे खोटारडी नव्हती. म्हणूनच ते प्रकरण माझ्या साऱ्या नोकरीत सर्वांत अवघड ठरले. त्यातल्या कोणाचेही नाव मी इथे देत नाही; त्यांची नातवंडे आज शिकून नोकऱ्या करत आहेत.

एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी कुलाबा जिल्ह्यात, तळे गावाच्या खालच्या अंगाला एका लहान ठाण्यावर फौजदार होतो. माझे वडील माणगावच्या बाजारात शिंपीकाम करत. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला, आणि तेही एका शिक्षकांच्या कृपेने. ते भूमिती शिकवत. वहीच्या पानाला मधोमध घडी घालायला लावत. डावीकडे 'दिलेले', उजवीकडे 'सिद्ध करायचे'. कोणी उजवीकडचे डावीकडे लिहिले, की म्हणत, "जे सिद्ध करायचं तेच धरून चाललास, तर गणित तुला कशाला हवं रे?" फौजदार झाल्यावरही मी खिशातल्या वहीला तशीच घडी घालत असे. डावीकडे पाहिलेले, उजवीकडे वाटलेले. हवालदार या सवयीला हसत. मला मात्र तिचा फार आधार वाटे.

एका सोमवारी सकाळी मी ठाण्याच्या पडवीत डायरी लिहीत बसलो असताना त्या गावचे पोलीस पाटील घाईने आले. त्यांच्या रिपोर्टात एवढेच होते की, गावातला एक घरजावई शुक्रवारपासून बेपत्ता आहे. बाकीचे त्यांनी तोंडी सांगितले.

ते कळण्यासाठी आधी बांधाविषयी सांगायला हवे. त्या भागात भातशेती अगदी खाडीला लागून आहे. खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा उंच बांध असतो. तो फुटला, त्याला खांड पडली, की समुद्र शेतात शिरतो आणि मग दोन-तीन वर्षे त्या जमिनीत भात होत नाही. त्या गावच्या बांधाला अशी खांड पडली होती. भरतीचा जोर अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. भांगाचा मुहूर्त साधून शुक्रवारी गावाने खांड बुजवली. काम चालवत होता तो एक सत्तरीचा म्हातारा. बांधाची माती ओळखणारा त्याच्याइतका जाणता माणूस पंचक्रोशीत नव्हता. सगळे त्याला तात्या म्हणत.

पाटील म्हणाले, "दुपारी लोक जेवायला घरी आले. तात्या एकटाच खांडीवर राहिला. तेवढ्यात त्यानं त्या जावयाला बांधात घातला, साहेब. एका बाईनं डोळ्यांनी बघितलंय."

"कशासाठी?"

"खांड माणूस मागते, असं जुनी माणसं म्हणतात. आता गाव म्हणतं, अवसेच्या आत बांध उकरून प्रेत काढायचं. जबरदस्तीनं घातलेला माणूस उधाणाला बांध फोडून बाहेर येतो, म्हणे."

अमावास्या त्याच आठवड्यात, शुक्रवारी होती. अमावास्येच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. ताजा बांध उकरला आणि वेळेत बुजला नाही, तर उधाण सरळ शेतात येणार. न उकरावा, तर लोक तात्याला जिवंत ठेवणार नाहीत, अशी चिन्हे होती. मी हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघालो.

गावात पोचल्यावर प्रथम तात्याला चावडीत आणून बसवले. पहारा ठेवला तो तो पळेल म्हणून नव्हे, लोक आत घुसतील म्हणून. म्हातारा काटकुळा, गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाचा. मी विचारले, "तात्या, शुक्रवारी दुपारी बांधात काय घातलंत?"

तो खिडकीतून खाडीकडे पाहत राहिला.

"जावई कुठे आहे?"

त्याने तोंड उघडले, ते वेगळ्याच गोष्टीसाठी. "वारा कुटला हाय, फौजदारसाहेब?"

"वायव्येचा."

"मंग ठीक. पानी लई चढायचं न्हाय." आणि थोड्या वेळाने, "मला टांगलात तरी चालंल. पर बांदाला कुदळ लावू नका."

खिडकीबाहेर गर्दी कान देऊन उभी होती. "कबूल झाला! कबूल झाला!" असा एकच गलका उठला. हवालदार माझ्या कानाशी लागले, "साहेब, दोन ठेवून देऊ का? पोपटासारखा बोलेल." मी नको म्हटले. मार खाऊन माणूस बोलतो खरे, पण आपल्याला हवे ते बोलतो. वहीत डावीकडे लिहिले: 'बांध उकरू नका म्हणतो.' कबुली हा शब्द उजवीकडे गेला.

मग पाहणाऱ्या बाईचा जबाब घेतला. खाडीच्या मधल्या चिखलात ओहोटीला शिंपल्या वेचणारी ही म्हातारी. ठामपणे म्हणाली, "माझ्या ह्या डोळ्यांनी बघितला. तांबडी बंडी व्हती. तसली बंडी गावात त्या जावयाबिगर कुनाची न्हाय. लग्नातली हाय ती."

"तोंड दिसलं?"

"यवढ्या लांबून तोंड कसं दिसंल, बाबा?"

"मग काय दिसलं ते सांगा. हात, पाय?"

"बंडी दिसली. खाली पाय लोंबत व्हते. तात्यानं बगलेत धरला व्हता."

"बगलेत? कसा?"

"भाताची पेंढी धरतात तसा. दुसऱ्या हातात कोंबडा व्हता."

डावीकडे लिहिले: बंडी, लोंबणारे काहीतरी, एका बगलेत, दुसऱ्या हातात कोंबडा. म्हातारी एक शब्द खोटे बोलली नव्हती. तिने जे पाहिले त्यातला माणूस मात्र तिने घरी परतताना वाटेत घातला होता.

त्यानंतर जावयाच्या घरी गेलो. घर सासऱ्याचे, सासरा वारलेला, मेहुणा कर्ता. बेपत्ता माणसाची बायको चुलीपाशी बसली होती. शेजारणी तिला बांगड्या फोडायला सांगत होत्या. मी दारात उभा राहिलो तेव्हा ती मला नव्हे, त्यांनाच ऐकवत होती, "मेलेला बघितल्याबिगर मी बांगडी फोडनार न्हाय. तुमी काय त्येला माती दिलीत? न्हाय ना? मंग उठा हितनं!"

पदवीच्या परीक्षेला तर्कशास्त्र हा माझा विषय होता. त्या दोन-तीन वाक्यांत तिने ते सारे सांगितले. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आले नाही, कारण माझे लक्ष दुसरीकडेच होते.

ते होते मेहुण्याकडे. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. वळचणीला खोचलेल्या कोयत्यावर लाल-काळे डाग दिसले. शेजाऱ्यांकडून कळले की, गुरुवारी बांधावर दोघांची सर्वांदेखत बोलाचाली झाली होती. कशावरून, ते कोणी सांगेना. मी स्वतःला विलक्षण हुशार समजलो. नरबळी वगैरे अडाण्यांच्या गोष्टी. शिकलेल्या माणसाला खरे दिसते! जमिनीचा वाद, मेहुण्याने काटा काढला आणि म्हाताऱ्यावर ढकलले. कोयत्याचा पंचनामा केला, मेहुण्याला पाटलाच्या घरी बसवले आणि रात्री अटकेचा मसुदाही लिहून ठेवला.

मंगळवारी सकाळी तो मसुदा पाहताना वहीही उघडली. कोयत्यावर रक्त, असे मी डावीकडे लिहिले होते. मी डाग पाहिले होते. रक्त आहे हे मला वाटले होते. आणि रक्त असले तरी कोणाचे? गावाने बंडीत माणूस घातला आणि मी डागात खून घातला. फरक एवढाच की, त्यांच्या कल्पनेत देव होता आणि माझ्या कल्पनेत पदवी. फार लाज वाटली. मसुदा फाडला आणि मेहुण्याला बोलावले.

"हे बघ, तू गुन्हेगार आहेस असं मी धरलेलं नाही. डाग कशाचे?"

"कोंबड्याचे. तात्यानं कोयता मागून नेला व्हता."

"मग काल का नाही बोललास?"

त्याने मान खाली घातली. "कोयता म्हनला की भांडान यील, म्हनून. मी भावजींना बोललो, साहेब. सगळ्या गावासमोर. म्हनलं, जमीन आमच्या बापाची, बांद आमचा, तू पावना, तुजं काय काम हितं? ते काय बोललं न्हाईत. घमेलं खाली ठेवलं नि गेलं. त्या बोलन्यापायीच…"

त्याच दिवशी मी बांधावर एक प्रयोग केला. बेपत्ता माणूस अंगाने भरलेला होता, असे सर्वांनी सांगितले होते. आमच्यातला तेवढ्याच वजनाचा शिपाई निवडला आणि हवालदारांना सांगितले, "याला बगलेत धरा आणि खांडीच्या कडेने चालून दाखवा."

"बगलेत? साहेब, याला खांद्यावर घ्यायलाच दोघं लागतील."

"खांद्यावर घ्या मग."

चौथ्या पावलाला दोघेही मांडीपर्यंत चिखलात गेले. जमलेली मंडळी पोट धरून हसली. "हवालदारसाहेब, तुमचाच बळी लागतोय आता!" असे कोणीतरी ओरडले. मी पाटलांना म्हणालो, "एवढं वजन सत्तर वर्षांच्या माणसानं एका बगलेत नेलं असेल का?" पाटील गंभीरपणे म्हणाले, "मंत्राचा माणूस हलका होतो, साहेब."

पटवून घ्यायचेच नाही म्हटल्यावर प्रत्येक पुराव्याला एखादा मंत्र सापडतो. या लोकांना पटेल असा पुरावा एकच होता: तो माणूस स्वतः. मी पाटलांकडून बुधवार संध्याकाळपर्यंत मुदत मागितली. तोवर जावई मिळाला नाही, तर गुरुवारी पहाटे पंचांसमक्ष बांध मीच उकरणार, असा शब्द दिला. तो देताना तात्याकडे पाहवले नाही.

आता मी जावयाच्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी पाहू लागलो. घोंगडी जागेवर नव्हती. गाव म्हणत होते, घोंगडीत गुंडाळून नेला. ते खरेही असू शकले असते; तो आपणच ती घेऊन गेला असेल, हेही. एकच वस्तू दोन्ही गोष्टींत बसत होती, म्हणून तिचा उपयोग नव्हता. मग अंगणात अर्धवट फोडलेली लाकडे दिसली. फोडलेली नीट रचून ठेवली होती. कुऱ्हाड कुठे आहे, म्हणून विचारले. शेजारी म्हणाला, "माझी व्हती. शुक्रवारी सकाळी परत देऊन गेला. काम पुरं कर की म्हटलं, तर म्हनला, ऱ्हाऊ दे."

काम अर्धे असताना उसनी वस्तू परत करणारा माणूस एकच: बाहेरगावी निघालेला. हे मात्र गावाच्या गोष्टीत कुठेच बसत नव्हते.

गावाबाहेर पडायला दोनच वाटा. डोंगरातली तळ्याची वाट शिपायांनी विचारपूस करून पाहिली; कोणी दिसले नव्हते. दुसरी खाडीची. बुधवारी सकाळी मी स्वतः तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीवर गेलो. तरवाला पलीकडच्या काठचा मुसलमान गृहस्थ, दाढी पांढरी झालेला. त्याला विचारले, "गेल्या शुक्रवारी कोणी माणूस पलीकडे नेलात का?"

"नेला ना. भर उन्हात घोंगडी पांघरून बसलेला. मी म्हटलं, बाबा, ताप आलाय की काय? घोंगडी जरा सरकली तर आत उघडा! अंगात बंडीसुद्धा नाय."

मी वही उघडली. "शुक्रवारच होता कशावरून?"

"जुम्म्याची नमाज पढून धक्क्यावर आलो, साहेब. पहिला गिऱ्हाईक तोच. भरती अर्धी चढली होती."

शिंपल्या वेचणाऱ्या बाईने तांबडी बंडी पाहिली ती पुऱ्या ओहोटीला, दुपारी. अर्धी भरती म्हणजे त्यानंतर दोन-तीन तासांनी. बंडी बांधात गेल्यावर तिचा मालक खाडी ओलांडत होता.

"आजवर हे कोणाला सांगितलं का नाहीत?"

तरवाला म्हणाला, "मला कोणी विचारलाच नाय."

खरेच होते. विचारायला कोण येणार? गावाला आधीच सगळे माहीत होते.

पलीकडे मुरुडच्या संस्थानाची हद्द. तिथे माझा अधिकार चालत नव्हता. गणवेश उतरवला, धोतर नेसलो आणि तरवाल्याबरोबर साधा माणूस म्हणून गेलो. दोन वाड्या पालथ्या घातल्यावर एका नारळाच्या बागेत तो सापडला. माडांची आळी साफ करत होता. अंगात कोणाची तरी जुनी सैल पैरण. मी कोण ते सांगितले, गावात काय चालले आहे तेही सांगितले. त्याने फावडे खाली टाकले.

"तात्या काय बोलला न्हाय?"

"एक शब्द नाही."

"न्हाईच बोलनार. त्याचं तोंड बांदलंय, साहेब. माजे नुसते पाय बांदलेत. मंग मलाच सांगाया पायजे."

मग त्याने सांगितले ते असे. तात्याच्या आजापासून त्यांच्या घरात एक रीत होती. खांड बुजवताना पेंढ्याचा माणूस करायचा, त्याला एका खऱ्या माणसाने राजीखुशीने दिलेली अंगातली बंडी घालायची आणि कोंबड्यासह बांधात ठेवायचे. बंडी देणाऱ्याने, घरात न सांगता, उधाण सरेपर्यंत खाडीपलीकडे जायचे. गावच्या मातीवर पाय ठेवायचा नाही. खाडीला वाटले पाहिजे की माणूस मिळाला. आणि ठेवणाऱ्याने उधाण सरेपर्यंत आत काय आहे ते बोलायचे नाही. मागची खांड तात्याच्या तरुणपणी पडलेली. ही रीत ठाऊक असणारे बाकीचे सगळे मरून गेले होते.

"पण तूच का दिलीस बंडी?"

तो जरा हसला. "तात्या म्हनला, बंडी गावच्याच मानसाची लागती. मी इचारलं, माजी चालंल? तात्या म्हनला, हितलं भात खातोस ना? मंग तू हितलाच."

त्याला तसाच घेऊन यावे, असे क्षणभर वाटले. पण तो हात जोडून म्हणाला, "अवस सरू दे, साहेब. मी आलो आन् बांद गेला, तर जनमभर पावनाच ऱ्हाईन." त्याच्या श्रद्धेचा खरेखोटेपणा ठरवणे हे माझे काम नव्हते. तो जिवंत आहे, एवढेच मला दाखवायचे होते. आणि त्यासाठी त्याला गावात नेण्याची गरजच नव्हती. गावाला त्याच्याकडे नेता येत होते.

संध्याकाळच्या आत परत येऊन मी पाटलांना मुदत पाळल्याचे सांगितले. गुरुवारी सकाळी तरीत पाटील, मेहुणा, शिंपल्या वेचणारी म्हातारी आणि ती बायको, अशी मंडळी बसवून नेली. नवऱ्याला पाहताच ती बाई सरळ पुढे झाली. जवळ गेली, पैरणीची बाही चिमटीत धरून पाहिली.

"ही कुनाची?"

"बागवाल्याची."

"लग्नातली बंडी खाडीला दिलीत, व्हय? मला इचारलं असतंत तर जुनेर दिलं असतं! पाच दीस गावच्या बाया माज्या बांगड्यांकडं बगत्यात!" एवढे बोलून ती रडू लागली आणि रडता रडताच पदराची पुरचुंडी सोडून तांदळाची भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

मेहुणा पुढे झाला. "भावजी, त्या दिशी मी बोललो ते…"

"बांद कसा हाय?" जावयाने विचारले.

"हाय. तुमच्या बंडीवर हाय."

म्हातारी त्याला आपादमस्तक न्याहाळत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माजा जबाब आता फाडा, साहेब."

"फाडायचा कशाला? तुम्ही पाहिलं ते खरंच होतं."

शुक्रवारी दुपारी सगळे गाव बांधावर उभे होते. मीही होतो. पाणी चढत चढत माथ्याच्या वीतभर खाली आले, थोडा वेळ थांबले आणि उतरले. तात्या बांधाला टेकून बसला होता. कोणीतरी त्याला गूळपाणी आणून दिले. हे आणून देणारे हात चार दिवसांपूर्वी त्याच्यासाठी दगड शोधत होते, हे मला माहीत होते, त्यालाही असावे. त्याने ते निमूटपणे घेतले.

सोमवारी जावई घरी आला. मी बेपत्ता माणसाचा रिपोर्ट निकालात काढायला गेलो तेव्हा तात्याचे तोंड मोकळे झाले होते. तो म्हणाला, "काय लिव्हलंत, वाचून दावा."

मी वाचून दाखवले. शुक्रवारी दुपारी पेंढ्याची आकृती ठेवली, इसम तरीने पलीकडे गेला, सहीसलामत मिळाला, गुन्हा घडलेला नाही.

"आनि बांद कशानं ऱ्हायला, त्ये?"

"ते लिहिलं नाही, तात्या. ते मला माहीत नाही. चिकणमाती तुम्ही चांगली घातलीत, एवढं मी पाहिलं."

म्हातारा खुशीत हसला. "बरं केलंत. मलाबी म्हाईत न्हाय. म्हनून तर मी चिकनमातीबी घालतो आन् बंडीबी."

पुढे कितीतरी मोठी प्रकरणे हाताखालून गेली. त्यांत चलाख गुन्हेगार भेटले, बडे वकीलही भेटले. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य न लाजता म्हणायला मी त्या बांधावर शिकलो. श्रद्धा ठेवणाऱ्याला ते म्हणता येते आणि न ठेवणाऱ्यालाही. ते ज्याला म्हणवत नाही, तो फौजदार असो वा गाव, कोणाचा तरी जीव घेऊन बसतो. मी फाडलेला तो अटकेचा मसुदा अंगावर गणवेश असेपर्यंत माझ्या मनात होता.

जावयाची लग्नातली बंडी गेली, ती माझ्या मनाला लागून राहिली. पुढच्या सुट्टीला माणगावला गेलो तेव्हा वडिलांना सगळे सांगितले आणि म्हणालो, "त्याला एक तांबडी बंडी शिवून द्या. अंगानं साधारण आपल्या शेजारच्या वाण्याएवढा आहे."

वडिलांनी कात्री खाली ठेवली. "साधारण म्हणजे? असा अंदाजानं कापड कापत नसतो मी. त्याला घेऊन ये, माप घेतो."

जावई बाजाराच्या दिवशी आला. वडिलांनी त्याला दुकानाच्या पायरीवर उभे केले, खांद्यापासून फीत लावली आणि विचारले, "गाव कुठलं तुमचं?"

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि गावाचे नाव सांगितले. सासरचे म्हणून नव्हे. आपले म्हणून.